‘उतारू’ आणि ‘मुक्काम’ : वाहतुकीच्या परिभाषेची एक चिकित्सा

‘उतरणे’ या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत : वाहनातून खाली येणे आणि एखाद्या ठिकाणी मुक्कामास राहणे. ‘आपण कोठे उतरला आहात?’ या प्रश्नात दुसरा अर्थ अजून जिवंत आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या परिभाषेतील ‘उतारू’ मात्र केवळ पहिल्या अर्थाचा धनी आहे. बेघर उतारूविषयी ही व्यवस्था अशी का वागते, याचा उलगडा या अर्थसंकोचातून होऊ शकेल, असे आम्हांस वाटते.

रायगडच्या किनारपट्टीवर, खेड्यात रात्री थांबणाऱ्या एसटीला ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. गाडीच्या मुक्कामाला वेळापत्रकात जागा आहे. पेण वा अलिबागच्या स्थानकावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या मुक्कामाला नाही. त्याला नाव देतो तो कायदा. भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1959 च्या मुंबई अधिनियमाची व्याख्या हात पसरण्यापुरती थांबत नाही. उपजीविकेचे दृश्य साधन नसणे आणि भिकेवर जगत असल्याचा संभव वाटावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणे, हेही तिच्यात येते. म्हणजे कृत्य बाजूस राहून रूपच दंडनीय ठरले. वीटभट्टीकडे निघालेले एखादे कातकरी कुटुंब बोचकी उशाशी घेऊन पहाटेच्या गाडीसाठी स्थानकात निजले, तर ते या व्याख्येपासून कितीसे दूर राहते? दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या अधिनियमाच्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. परंतु तो निर्णय दिल्लीपुरता होता.

याउलट, 2011 च्या जनगणनेने रेल्वेचे फलाटही बेघरांच्या वास्तव्याच्या जागांत धरले आणि देशभरात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले. एकाच फलाटावरील एकच माणूस शासनाच्या एका दप्तरात रहिवासी, तर दुसऱ्यात संशयित!

वाहतूक संस्था ही धर्मशाळा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. स्वच्छता व सुरक्षितता यांवर इतर उतारूंचाही हक्क आहे. तथापि हाकलणे आणि दुर्लक्ष करणे यांखेरीज तिसरा मार्ग असतो. फिलाडेल्फियात रेल्वेस्थानकालगतच्या भुयारी भागात 2018 पासून बेघरांसाठी भोजन, स्नान व औषधोपचार यांचे कायम केंद्र उभे राहिले, ते वाहतूक संस्थेच्याच सहकार्याने. आपल्याकडे आरंभ याहून लहान असू शकेल : चौकशीच्या खिडकीवर, शेवटच्या गाडीच्या वेळेशेजारी, जवळच्या निवाऱ्याचा पत्ता. ‘स्थानक’ शब्दातील ‘स्था’ धातूचा अर्थ थांबणे, राहणे असाच आहे. त्याचा विसर निदान स्थानकाला तरी पडू नये.