रोपे मोजली, मोळ्या कोण मोजणार?

व्यापारी वनशेती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चंद्रपूर-गडचिरोलीतील साग आणि बांबू येतो. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुका येत नाही. ते स्वाभाविक आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतील हा अवर्षणप्रवण भाग. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर; त्यात वनाच्छादन एक टक्कादेखील नाही. तरीही वनशेतीचा मूळ प्रश्न येथेच अधिक स्पष्ट दिसतो, असे आम्हांला वाटते. कारण येथे जंगल नसले तरी लाकडाची गरज आणि लाकडाचा व्यवहार आहेच.

भूम, वाशी, परंडा हा पट्टा खव्यासाठी प्रसिद्ध आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाने दगा दिला तर दुधाचाच आधार असतो आणि दूध नासण्याआधी त्याचा खवा करणे सोयीचे पडते. खव्याची पारंपरिक भट्टी लाकडावर चालते. वाशी तालुक्यातीलच तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी ओळखले जाते. फटाक्यांच्या काळ्या दारूत वजनाने सुमारे १५ टक्के लाकडी कोळसा असतो, आणि साध्या भट्टीत एक किलो कोळसा मिळवण्यासाठी चार-पाच किलो लाकूड लागते. पेढा किंवा फटाका हातात घेताना आपण वनोत्पादन हाताळत आहोत, हे आपल्या लक्षातही येत नाही.

एक किलो खव्यामागे किती लाकूड जळते? हा हिशेब नववीचा विद्यार्थीही करू शकेल. गाईच्या सुमारे पाच लिटर दुधापासून एक किलो खवा होतो. म्हणजे साधारण चार किलो पाणी उडवावे लागते. दूध २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १,५०० किलोज्यूल आणि चार किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ९,००० किलोज्यूल, अशी एकूण १०,५०० किलोज्यूल उष्णता लागते. उन्हात वाळलेले एक किलो लाकूड सुमारे १५,००० किलोज्यूल उष्णता देते. म्हणजे तत्त्वतः पाऊण किलोहून कमी लाकूड पुरावे. पण उघड्या भट्टीतील बरीचशी उष्णता धूर, भिंती आणि हवा यांत जाते. भट्टीची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर लाकूड लागते साडेतीन किलो.

आता रोज ४० किलो खवा करणारी एक भट्टी घेऊ. तिला दिवसाला १४० किलो, वर्षाला सुमारे ५१ टन लाकूड हवे. कोरडवाहू जमिनीवरील झाडांची वाढ हेक्टरी वर्षाला ५ टन धरली, तर या एका भट्टीमागे दहा हेक्टर, म्हणजे पंचवीस एकर झाडी कायम उभी असली पाहिजे. कार्यक्षमता दुप्पट केली तर पाच हेक्टर पुरतील. आकडे गृहीत धरलेले आहेत. भट्टी पाहून ते बदलावेत. पण विचाराची पद्धत हीच: दरवर्षी जेवढी वाढ, तेवढीच तोड. ‘शाश्वत’ या शब्दाचा वनशास्त्रातील अर्थ एवढाच आहे.

हा विचार जन्मला तोही भट्टीपाशीच. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणींसाठी आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी जंगले तुटत होती. तेथील खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली वनशेतीवर ग्रंथ लिहिला आणि लाकूड टिकेल अशा बेताने वापरण्याचा सिद्धान्त मांडला. त्यांना चिंता होती ती उद्योग बंद पडण्याची. हिशेबाची सुरुवात त्यांनी गरजेपासून केली.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याची उद्दिष्टे ठेवली गेली. शाळाही त्यात उतरल्या. लोकांचा उत्साह खोटा नव्हता. आमचा आक्षेप मोजपट्टीवर आहे. रोप लावले, ही नोंद झाली. पुढे किती जगली यावर वाद झाले. पण जगलेले झाड वर्षाला किती वाढते, त्याचे लाकूड कोणाला हवे आहे, ते कोण व कधी तोडणार, हे प्रश्न बाजूलाच राहिले. एका वहीत रोपे लिहिली जातात. भट्टीवर येणाऱ्या मोळ्या मात्र कोणत्याच वहीत नसतात. जमा आणि खर्च वेगवेगळ्या वह्यांत असतील, तर शिल्लक कळणार कशी?

भट्ट्या बंद करा, हे यावरचे उत्तर नव्हे. त्याने दुधावर जगणारी कुटुंबे तेवढी मोडतील. लाकूड जाळणे मुळातच पाप, हेही खरे नाही. तोडीइतकी वाढ पुन्हा होत असेल, तर जळताना सुटलेला कार्बन नवी झाडे परत घेतात. ती होत नसेल, तर हा दावा पोकळ ठरतो. सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारख्या झाडांच्या खुंटांना तोडीनंतर पुन्हा धुमारे फुटतात. बांधावर आणि पडीक जमिनीत ती लावून दरवर्षी एकेक पट्टा तोडता येतो. त्यासाठी भट्टीवाला आणि बांधाचा मालक यांच्यात ठरलेला व्यवहार हवा.

असा व्यवहार लोकांना जमतो, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यात आहे. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला आणि गाव बांबू विकू लागले. वाशीत तेवढे जंगल नाही, हे उघड आहे. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: किती तोडायचे हे जो ठरवतो, त्यालाच ते पुन्हा वाढण्याची काळजी असावी लागते.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. पुढच्या जुलैत रोपे जरूर लावा. पण त्याआधी विद्यार्थ्यांना गावातल्या एखाद्या भट्टीवर, गुऱ्हाळावर किंवा वीटभट्टीवर न्या. आठवडाभर येणारे लाकूड तोलून लिहू द्या. मग शाळेभोवतालच्या झाडांचा जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरचा घेर मोजा आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा मोजा. गावात किती झाडे हवीत, हा आकडा मग वरून येण्याची वाट पाहावी लागणार नाही. तो मुलांच्याच वहीत असेल.