हिग्ज एकच की अनेक? ‘देवकणा’च्या मराठी कथनाविषयी

4 जुलै 2012 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉनसारखा एक नवा कण सापडल्याचे जाहीर केले. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत व व्याख्यानांत एक कथा रूढ झाली आहे. विश्वात सर्वत्र एक क्षेत्र पसरले आहे; ते कणांना अडवते, म्हणून त्यांना वस्तुमान मिळते; त्या क्षेत्राचा कण म्हणजे ‘देवकण’; तो सापडला आणि शेवटची वीट बसून भिंत पुरी झाली. पाचगणीसारख्या शाळांच्या गावी शिक्षकांशी बोलताना हीच कथा आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिच्या मागोमाग मुलांचा प्रश्नही येतो : मग आता ती मंडळी तिथे करतात तरी काय? या प्रश्नापाशी शिक्षक अडतो. यात दोष त्याचा नाही, कथा सांगणाऱ्यांचा आहे. म्हणून त्या कथेचीच थोडी तपासणी करू.

‘देवकण’ हे नाव लिऑन लेडरमन यांच्या 1993 सालच्या पुस्तकाच्या शीर्षकाचे भाषांतर आहे. पदार्थविज्ञानात त्याला काही अर्थ नाही, आणि त्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण दिसत नाही. अडथळ्याच्या दृष्टांताचे मात्र तसे नाही. त्याच 1993 साली ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी शास्त्रज्ञांना आव्हान दिले, की हिग्जची कल्पना एका कागदावर समजावून द्या. लंडनचे डेव्हिड मिलर यांनी उत्तरादाखल एक चित्र उभे केले : पक्षाच्या मेळाव्यात माजी पंतप्रधान शिरतात, लोक भोवती गोळा होतात आणि त्यांची चाल जड होते. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात शिरणारा पुढारी किंवा नट आला. मिलर यांच्या चित्रात एक मोलाचा भाग होता. घोळक्यात सापडलेल्या व्यक्तीला थांबवणे जसे अवघड, तसे थांबल्यावर पुन्हा चालू करणेही अवघड. म्हणजे तिथे जडत्व होते. मराठीत येता येता जडत्व गळले आणि नुसता अडथळा उरला. नववीच्या वर्गात न्यूटनचा पहिला नियम शिकवणाऱ्याची यात पंचाईत होते. हिग्ज क्षेत्रातून जाणारा कण हळूहळू मंदावत नाही; बाहेरचे बल नसेल तर तो एकाच वेगाने जातो. शिवाय आपल्या शरीराचे बहुतेक वस्तुमान हिग्जमुळे नाहीच. प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा फार तर शेकडा एक-दोन. बाकी सारी त्यांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्राची आणि त्यांच्या गतीची ऊर्जा.

आमचा मुख्य आक्षेप मात्र ‘शेवटची वीट’ या शब्दांना आहे. हिग्ज एकच असला पाहिजे असे कोणी सिद्ध केलेले नाही. किती असावेत, याची मोजदाद तर शाळेतल्या वजाबाकीची आहे. सर्वांत साध्या सिद्धांतात हिग्ज क्षेत्राचे चार घटक असतात. त्यांतले तीन डब्ल्यू-धन, डब्ल्यू-ऋण आणि झेड या कणांना वस्तुमान देण्यात खर्ची पडतात. उरतो एक. अतिसममिती, म्हणजे सुपरसिमेट्री, मानणाऱ्या सिद्धांतात एका क्षेत्रावर भागत नाही. क्वार्कांच्या एका गटाला वस्तुमान देणारे एक क्षेत्र आणि दुसऱ्या गटाला व इलेक्ट्रॉनसारख्या कणांना देणारे दुसरे, अशी किमान दोन लागतात. आठातून तीन गेले, उरले पाच : तीन प्रभारहीन, एक धन, एक ऋण. या किमान रूपात एक राशी मात्र हाताने, कारण न देता, योग्य मापाची घालावी लागते. ती आपोआप निघावी म्हणून विस्तारित रूपात दोन घटकांचे आणखी एक क्षेत्र जोडतात. दहातून तीन गेले, उरले सात. हे नवे क्षेत्र डब्ल्यू आणि झेड यांच्याशी थेट संबंध ठेवत नाही. त्यामुळे त्याचा कण हलका असूनही आजवरच्या प्रयोगांच्या नजरेतून निसटला असण्याची शक्यता उरते.

मराठी कथनातून हे गळावे याचे आम्हाला विशेष वाईट वाटते, कारण या शोधाची काही वाट मुंबई-पुण्याच्या माणसांनी पाडली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दुर्गाप्रसाद रॉय यांनी सहकाऱ्यांसह 1990च्या दशकात प्रभारित हिग्ज ओळखण्याची एक खूण सुचवली. प्रभारित हिग्जपासून टाऊ कण निर्माण होतो, तसाच तो डब्ल्यूपासूनही होतो, आणि डब्ल्यू तर हजारोंनी असतात. पण दोन्हींकडच्या टाऊची फिरकी उलट असते. त्यामुळे हिग्जकडून आलेला टाऊ पायॉन व न्यूट्रिनो यांत फुटला, की संवेगाचा मोठा वाटा पायॉनकडे जातो. डब्ल्यूकडच्यात तो बहुधा लहान असतो. टेबललँडवरच्या घोड्यांत आपला घोडा रंगावरून न ओळखता चालीवरून ओळखावा, तसे हे आहे. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले (1952–2024) यांनी रॉय व दिलीपकुमार घोष यांच्यासह 2005 साली दाखवले, की पूर्वीच्या लेप या त्वरकातून निसटलेला हलका हिग्ज प्रभारित हिग्जच्या ऱ्हासातून पकडता येईल.

यांपैकी अधिकचा एकही हिग्ज अजून सापडलेला नाही. वृत्तपत्रे याला ‘अपयश’ म्हणतात. धुक्यात टेबललँडवर उभे राहून वीस पावलांपर्यंत दिसत असेल, तर ‘वीस पावलांत घोडा नाही’ हे विधान पक्के असते. त्यापलीकडचे आपण बोलत नाही. अ‍ॅटलास प्रयोगाने 2020 साली असेच विधान केले : अतिसममितीच्या एका ठरावीक नमुन्यात, दोन क्षेत्रांच्या मूल्यांचे गुणोत्तर 8 पेक्षा अधिक असेल, तर 1000 जीईव्ही (प्रोटॉनच्या हजारपटीहून थोडे अधिक) वस्तुमानाचा जड हिग्ज नाही. हे ज्ञानच आहे. अर्थात आमच्या व्यवसायबंधूंनाही येथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. लेपच्या वेळी ‘पुढच्या यंत्रात सापडेल’, टेव्हाट्रॉनच्या वेळी ‘पुढच्या यंत्रात’, एलएचसीच्या वेळीही तेच. दर वेळी सीमा थोडी सरकवून सिद्धांत जिवंत ठेवता येतो, ही त्याची ताकद म्हणून सांगितली जाते. ती उणीवही आहे, हे मात्र व्याख्यानांत सांगितले जात नाही. डिसेंबर 2015 मध्ये 750 जीईव्हीपाशी फोटॉनांच्या जोड्यांचा उंचवटा दिसला, तेव्हा काही महिन्यांत शेकडो शोधनिबंध निघाले. त्यांतल्या कित्येकांनी त्याला अधिकचा हिग्ज ठरवले. ऑगस्ट 2016 मध्ये अधिक मोजणी झाल्यावर उंचवटा नाहीसा झाला.

सध्या चर्चा आहे ती 95 जीईव्हीची. सीएमएस प्रयोगाने 2023 साली तेथे एक लहान उंचवटा नोंदवला. नुसत्या योगायोगाने नेमक्या त्या जागी तो दिसण्याची शक्यता सुमारे पाचशेत एक. मोठी वाटते ना गोष्ट? पण शोध अनेक जागी चालला होता. हे वर्गात करून पाहता येते. नऊ नाणी उडवून नऊही छापे पडण्याची शक्यता 512 मध्ये एक. पन्नास मुलांनी प्रत्येकी नऊ नाणी उडवली, तर कोणातरी एकाला नऊ छापे पडण्याची शक्यता सुमारे अकरात एक. सीएमएसने सगळ्या जागा हिशेबात धरून काढलेली शक्यताही जवळपास तेवढीच, दहात एक येते. वर्गात मुलाला नऊ छापे पडले तर नाण्यात खोट आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र शेजारच्या वर्गात, वेगळ्या नाण्यांनी, त्याच क्रमांकाच्या मुलाकडे आठ छापे पडले तर? अ‍ॅटलासलाही 95 जीईव्हीपाशी सीएमएसहून फिकट उंचवटा दिसला आहे, आणि 2000 साली बंद झालेल्या लेपच्या नोंदींत 98च्या आसपास एक होता. 2022 साली सुरू झालेल्या एलएचसीच्या तिसऱ्या फेरीत नाणी पुन्हा उडवली गेली आहेत.