चौकटकथेचे काम : कथासंची भयपटांविषयी काही निरीक्षणे

अनेक लघुकथा एकत्र बांधणाऱ्या भयपटांकडे समीक्षेने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. पाहिले तेव्हाही कथा किती भीतिदायक, एवढाच निकष लावला गेला. कथांना जोडणारी चौकटकथा ही निर्मात्याची सोय मानली जाते. ती सोय आहेच. कलावंतांच्या मोजक्या तारखा, एकच स्थळ, एकाच रात्रीचा प्रसंग यांवर अर्धा चित्रपट उभा राहतो. तथापि चित्रपटाला भयाविषयी काय म्हणायचे आहे, याचा निर्णय बहुधा याच स्वस्त भागात होतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या रचनेचे मूळ आपल्याला परके नाही. वेताळपंचविशीत विक्रमाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट चालायचे आहे. उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर वेताळ झाडावर परतेल. म्हणजे प्रत्येक गोष्टीची किंमत चौकटीतील श्रोत्याला मोजावी लागते. फ्रेडी फ्रान्सिस यांच्या ‘डॉ. टेरर्स हाऊस ऑफ हॉरर्स’ (१९६५) या ब्रिटिश चित्रपटात रेल्वेच्या डब्यातील पाच प्रवाशांना पत्त्यांवरून भविष्य सांगितले जाते आणि शेवटी ते मृत असल्याचे उघड होते. खर्च डब्याएवढाच, परंतु प्रत्येक कथेचा अर्थ त्या शेवटाने बदलतो.

मुंबईत तयार झालेला प्रवाल रामन दिग्दर्शित ‘डरना मना है’ (२००३) या कसोटीवर पाहण्यासारखा आहे. निर्माते राम गोपाल वर्मा. गाडी बिघडल्याने जंगलात अडकलेले सात मित्र-मैत्रिणी शेकोटीभोवती सहा गोष्टी सांगतात. गोष्टी रंगत जातात तसा एकेक जण उठून जातो आणि मारला जातो. गाणी नसलेला हा हिंदी चित्रपट त्या काळात धाडसाचाच म्हणावा लागेल. नाना पाटेकर व विवेक ओबेरॉय यांची रात्रीच्या रस्त्यावरील कथा केवळ संभाषणावर चालते आणि म्हणूनच टिकते. सफरचंदांची कथा मात्र कल्पनेपुढे सरकत नाही. खरी उणीव चौकटीत आहे. मित्रांचे मरण आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी यांत कार्यकारणसंबंध नाही. कोणती गोष्ट कोणी सांगितली हे बदलले, तरी काही बिघडत नाही. वेताळाच्या बाबतीत असे म्हणता येणार नाही.

‘डरना जरूरी है’ (२००६) मध्ये दिग्दर्शक अनेक झाले आणि चौकटीत म्हातारी व तिच्याकडे आसऱ्याला आलेली मुले आली. आजीची गोष्ट ही आपल्या घरातील परिचित चौकट असूनही ती येथे सांगण्याचा ढंग घेऊन येत नाही. नंदाखालसारख्या गावात बावखलाकाठची गोष्ट सामवेदी बोलीत सांगणारा माणूस आधी साक्षीदार उभा करतो, वाट सांगतो, मग भूत आणतो. ऐकणाऱ्याला त्याच वाटेने घरी जायचे असते. चित्रपटातील मुलांना अशी वाट नाही.

मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांचे एवढे भांडार असताना या प्रकारचा लक्षणीय चित्रपट झाला नाही, हे खटकते. धारपांचा प्रभाव पडद्यावर ठळकपणे उमटला तो राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८), आणि तोही हिंदीतून. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने धारपांची एक गोष्ट ऐकवली, तेथून या चित्रपटाचे बीज पडले, असे बर्वे यांनी सांगितले आहे. जंगल आणि गोष्ट सांगणारा मित्र, ही ‘डरना मना है’चीच चौकट. ‘तुंबाड’ कथासंच नव्हे, परंतु १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन प्रकरणांची ही कथा बाप मुलाला हस्तरची गोष्ट सांगतो तेथून सुरू होते. त्या सांगण्यातच हाव वारशाने पुढे जाते. ऐकणारा मुलगा शेवटी त्या विहिरीपर्यंत पोहोचतो, तेव्हा चौकट आणि कथा यांतील भिंत उरलेली नसते.