हिशेब कोणापुढे?

सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विस्थापितांची गाऱ्हाणी वाढली, तेव्हा १९९१ मध्ये तिने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीच्या जून १९९२ च्या अहवालाचे थोरपण तिच्या कार्यरीतीत आहे. ती नर्मदाकाठच्या गावांत गेली, उठविल्या जाणाऱ्यांचे ऐकले आणि बँकेने मागे सरावे असे बँकेलाच सांगितले. एलीया अहाबाला राजवाड्यात नव्हे, नाबोथाच्या मळ्यात भेटला, याचे येथे स्मरण होते.

त्याच महिन्यात रिओ येथे पर्यावरण व विकास यांवर परिषद भरली. तिच्यातून निघालेली आढाव्याची परंपरा आज संयुक्त राष्ट्रांच्या उच्चस्तरीय राजकीय मंचाकडे आहे. तेथे राष्ट्रे स्वेच्छेने स्वतःचाच अहवाल मांडतात. भारताने तो २०१७, २०२० व २०२५ साली मांडला. लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात धनी कारभाऱ्याकडे हिशेब मागतो. येथे मागणारा धनीच नाही, हा दोष मूलभूत होय.

तथापि मोर्स अहवालाचीही मर्यादा उघड आहे. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले, बँकेचा अंकुश सुटला आणि २०१७ साली धरणाचे राष्ट्रार्पण झाले. पैशाच्या दोरीने बांधलेला विवेक दोरीबरोबरच सुटतो.

नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे कार्यालय इंदुरातच आहे. आमच्या नळांतून, म्हणून बाप्तिस्म्याच्या कुंडातही, नर्मदेचेच पाणी येते. तेव्हा सृष्टीचे कारभारीपण शिकविताना धर्मगुरू व धर्मशिक्षकांनी निमाडातील बुडीत गावांची साक्ष प्रथम ऐकावी. ती ऐकल्यावाचून दिलेला हिशेब देवापुढे अपुराच ठरेल.