पाण्यात म्हैस, बाहेर मोल : अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे आगाऊ भाव



आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. म्हैस तळ्यात बसलीय, डोकं आणि शिंगं तेवढी वर दिसतायत. दूध किती देते, पाय धड आहेत का, काहीच कळायला मार्ग नाही. आणि काठावर दोघांची किमतीवरून घासाघीस चाललीय. अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक 7 नोव्हेंबर 2028 ला आहे. तिचं मोल मात्र 2024 च्या निकालाचा गुलाल खाली बसायच्या आतच सुरू झालं. जे. डी. व्हान्स, गॅव्हिन न्यूसम, मार्को रुबिओ, अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ अशी नावं, प्रत्येकासमोर एक आकडा, आणि खाली बातमीचा मथळा : ‘अमुक आघाडीवर’. आपली मराठी संकेतस्थळंसुद्धा हे तक्ते जसेच्या तसे उचलतात. आज मला या तक्त्यांची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतो तशीच. हा मजकूर काय सांगतो, काय लपवतो आणि वाचणाऱ्याचं काय करतो?

आधी त्याची बाजू मांडतो, कारण ती कमकुवत नाही. निवडणुकीवर पैजा लावणं हे इंटरनेटचं खूळ आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. 1868 पासून 1940 पर्यंत न्यूयॉर्कमध्ये, वॉल स्ट्रीटच्या आसपास, अध्यक्षीय निवडणुकीवर उघड सट्टा चालायचा आणि वर्तमानपत्रं त्याचे भाव छापायची. शास्त्रीय जनमत चाचणी तेव्हा नव्हती, गॅलपचं काम 1935 च्या सुमारास सुरू झालं. पॉल ऱ्होड आणि कोलमन स्ट्रम्फ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या बाजाराचा इतिहास खणून काढला. 1884 ते 1940 मध्ये पंधरा निवडणुका झाल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर ज्याचा भाव स्पष्टपणे वरचढ होता, तो एकदाच हरला, 1916 ला. चार्ल्स ह्यूज वर होते, जिंकले वुड्रो विल्सन. आणि तिथंही मतदानाच्या दिवसापर्यंत भाव जवळजवळ बरोबरीला आले होते.

म्हणजे बाजाराला अक्कल असते, हे खरं. पण या वाक्यातला महत्त्वाचा शब्द कुठला? ‘ऑक्टोबरच्या मध्यावर’. तेव्हा मतदानाला तीन आठवडे उरलेले असतात. उमेदवार ठरलेले असतात, सभा झालेल्या असतात, म्हैस पाण्याबाहेर आलेली असते. ही तीन आठवड्यांची पुण्याई तीन वर्षांच्या तक्त्याच्या खात्यावर जमा करायची, ही या लेखनप्रकाराची पहिली लबाडी.

असं का म्हणतो ते बघा. भाव म्हणजे काय? लोकांना कळलेल्या गोष्टींची गोळाबेरीज. एकाला दिसलं, दुसऱ्यानं ऐकलं, तिसऱ्यानं पैसे खर्च करून शोधून काढलं, ते सगळं किमतीत उतरतं. 2024 चं उदाहरण घ्या. पॉलिमार्केटवर एका फ्रेंच माणसानं ट्रम्प यांच्यावर कोट्यवधी डॉलर लावले आणि सुमारे साडेआठ कोटी डॉलर कमावले, अशा बातम्या आल्या. त्यानं स्वतःच्या खर्चानं चाचणी करून घेतली होती. तीत लोकांना ‘तुम्ही कुणाला मत देणार?’ असं विचारण्याऐवजी ‘तुमचे शेजारी कुणाला देतील?’ असं विचारलं होतं. म्हणजे त्यानं नवी माहिती विकत आणली आणि ती भावात ओतली. पण 2028 च्या निवडणुकीबद्दलची बरीचशी माहिती लपलेली नाहीये, ती अजून जन्मालाच आलेली नाही. मंदी येईल का, युद्ध होईल का, कोण आजारी पडेल, कोण उभंच राहणार नाही! 2015 मध्ये जो बायडन उभे राहतील की नाही, यावर महिनोन्महिने चर्चा चालली. मुलगा नुकताच गेला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नाही म्हणून सांगितलं. असा निर्णय कुठल्या बाजारात आधी कळणार?

मग माहितीच नसेल तर भावात उतरतं काय? नाव. कोणाचं नाव कानावरून जास्त गेलंय, तेवढंच. 2018 च्या जानेवारीत ओप्रा विन्फ्री यांनी गोल्डन ग्लोब समारंभात एक छान भाषण केलं आणि त्या अध्यक्षपदाच्या यादीत जाऊन बसल्या. मिशेल ओबामा वर्षानुवर्षं नाही म्हणतायत, पण त्यांचं नाव यादीतून हलत नाही. आपल्याकडे गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले पुष्कळ असतात. इथं नवरीनं नकार दिलाय तरी लोक तिच्या गुडघ्याला बाशिंग बांधतायत. (हशा)

जुने तक्ते काढून बघू या. 2007 मध्ये सगळ्यांच्या तोंडी हिलरी क्लिंटन आणि रूडी जुलियानी. जॉन मॅकेन यांच्या प्रचाराचे पैसे त्या उन्हाळ्यात संपत आले होते, माणसं सोडून गेली होती. 2008 ला समोरासमोर कोण होतं? ओबामा आणि मॅकेन. 2015 मध्ये जेब बुश यांच्या पाठीशी 10 कोटी डॉलरहून जास्त निधी उभा राहिला. 2016 च्या फेब्रुवारीत ते बाहेर. 2022 च्या नोव्हेंबरात रॉन डिसँटिस फ्लोरिडात दणदणीत जिंकले आणि रिपब्लिकन उमेदवारीच्या भावात ट्रम्प यांच्या पुढे गेले. 21 जानेवारी 2024 ला त्यांनी माघार घेतली, पहिल्या आयोवा राज्याचं मतदान होऊन आठवडाही झाला नव्हता. आणि कमला हॅरिस? 2019 च्या जूनमधल्या एका वादसभेनंतर त्या डेमोक्रॅट उमेदवारीच्या भावात अव्वल झाल्या, आपल्याकडे मथळे झळकले. 3 डिसेंबरला त्या एकही मत पडायच्या आत बाहेर पडल्या. पण गंमत पुढे आहे. 2024 ला त्याच उमेदवार झाल्या. बायडन यांनी 21 जुलैला माघार घेतली म्हणून, त्या वर्षी एकही प्रायमरी स्वतः न लढता. ही वाट कुठल्या तक्त्यात होती?

आता कोणी म्हणेल, बाजार ‘हाच जिंकेल’ असं म्हणतच नाही, तो वीस टक्के म्हणतो, आणि वीस टक्क्यांचा घोडा पाचातून चारदा हरणारच. रास्त आहे. पण मग ते वीस टक्के बरोबर होते की नाही, हे तपासायचं कसं? पावसाचा अंदाज रोज असतो, वर्षभरात पडताळा मिळतो. अध्यक्षीय निवडणूक चार वर्षांतून एकदा. आयोवा विद्यापीठाचा प्रायोगिक बाजार 1988 ला सुरू झाला, तेव्हापासून 2024 पर्यंत निवडणुका झाल्या फक्त दहा. दहा नाणेफेकींवरून नाणं खरं की खोटं ते सांगता येत नाही. आणि जवळच्या अंदाजातही बाजार चुकतो. 2016 ला पॅडी पॉवर या आयरिश बुकीनं क्लिंटन जिंकल्याच असं धरून मतदानाच्या तीन आठवडे आधीच त्यांच्या पैजांचे पैसे वाटून टाकले. 2022 ला सिनेट रिपब्लिकनांकडे जाणार असं बाजार सांगत होते, ती डेमोक्रॅटांकडेच राहिली.

आता थोडं गणित, घाबरू नका. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेल्यांना हे ठाऊक असेल. बुकी ‘एकाला चार’ म्हणतो, म्हणजे एक लावला तर वर चार मिळतील. त्याचा अर्थ शक्यता पाचात एक, वीस टक्के. पण बुकीच्या तक्त्यातले सगळे टक्के जर तुम्ही बेरजेला घेतले तर ते शंभर भरत नाहीत, शंभराच्या वर जातात. वरचा भाग हा त्याचा नफा. नावं जितकी जास्त, तितकी ही सूज जास्त, आणि ती मुख्यतः तळाच्या नावांवर चढते. वर्तमानपत्रात ते सुजलेले टक्केच ‘जिंकण्याची शक्यता’ म्हणून छापले जातात.

पॉलिमार्केट, कालशी अशा नव्या बाजारांत बुकी नसतो, लोक आपापसांत व्यवहार करतात. तिथं दुसरी अडचण आहे. समजा, एका अशक्य उमेदवाराचा भाव 3 सेंट आहे. तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की हा येत नाही. मग तुम्ही 97 सेंटला ‘नाही’ विकत घ्याल, तीन वर्षांनी 100 मिळतील. वर्षाला सुमारे एक टक्का! त्याच काळात अमेरिकन सरकारचे रोखे चार टक्के देत असतील, तर कोणता शहाणा माणूस पैसे अडकवून तो भाव दुरुस्त करायला जाईल? म्हणून चुकीचा भाव चुकीचाच राहतो. ही खोड लक्षात आल्यावर अशा लांबच्या पैजांवर व्याज द्यायची सोय झाली, हे बरं झालं. पण त्यावरून दुखणं खरं होतं हेही सिद्ध झालं. इलॉन मस्क दक्षिण आफ्रिकेत जन्मले, अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक नाहीत, त्यामुळे राज्यघटनेनुसार ते अध्यक्ष होऊच शकत नाहीत. आपले श्री ठाणेदार बेळगावकडून जाऊन मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून आले, पण त्याच कारणानं अध्यक्षपद त्यांनाही बंद. तरीही असली नावं याद्यांत शिरतात, आणि ‘एक टक्का’ वाचून वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी असेल बुवा!

इथपर्यंत कोणी म्हणेल, असू दे की. हौसेचा खेळ आहे, आपलं काय बिघडतं? मला वाटतं, बिघडतं.

1991 च्या मार्चमध्ये, आखाती युद्धानंतर, थोरल्या जॉर्ज बुश यांना गॅलपच्या चाचणीत 89 टक्के लोकांची पसंती होती. यांना कोण हरवणार, हीच हवा. बरेच मोठे डेमोक्रॅट पुढारी त्या शर्यतीत उतरलेच नाहीत. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी 20 डिसेंबरला, अर्ज भरायची मुदत संपत असताना, राज्याच्या अंदाजपत्रकाचं कारण देऊन नकार कळवला; त्यांना न्यायला विमान तयार उभं होतं. मैदान मोकळं राहिलं ते आर्कन्सासारख्या लहान राज्याच्या बिल क्लिंटन यांना. 1992 ला बुश हरले. आगाऊ मोल खरं मानून जे काठावर थांबले, त्यांनी आपली संधी घालवली, आणि डेमोक्रॅट मतदारांसमोरची निवडसुद्धा लहान केली. आगाऊ भावाचा धोका हा आहे. तो चुकतो हे ठीक, पण चुकायच्या आधी तो माणसं गाळतो. देणगीदार म्हणतो, याचा भाव दोन टक्के, कशाला पैसे देऊ? पैसे नाहीत म्हणून प्रचार नाही, प्रचार नाही म्हणून भाव एक टक्का. 1974 च्या डिसेंबरात जिमी कार्टर यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा ‘कोण जिमी?’ असं विचारलं गेलं. आजच्या तक्त्यात ते ‘इतर’ या रकान्यात गेले असते.

आणि हा भाव हलवणं अवघड नसतं. 2012 मध्ये इंट्रेड या बाजारात शेवटच्या दोन आठवड्यांत रॉम्नी यांच्यावर लागलेल्या पैशांपैकी सुमारे एक तृतीयांश एकाच व्यक्तीचा होता, असं संशोधकांनी नंतर दाखवलं. ते लाखो डॉलर बुडाले, पण तोवर लढत चुरशीची दिसत राहिली. ऐन रणधुमाळीत हे होतं, तर तीन वर्षं आधीच्या सुन्या बाजारात किती कमी पैशात होईल? त्यात 2025 च्या डिसेंबरात सीएनएननं कालशीशी भागीदारी जाहीर केली. म्हणजे बातमीनं भाव हलणार, आणि भाव हलला ही पुन्हा बातमी. आपल्या मुंबईचा मटका न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवरून सुरू झाला होता. पण मटक्याचा आकडा आला म्हणून कापसाचा भाव कधी बदलला नाही. इथं तशी खात्री देता येत नाही.

मी हे तक्ते बंद करा असं म्हणत नाही. निवडणूक तोंडावर आली की मीही ते बघेन, चाचण्यांच्या शेजारी ठेवून. आज मात्र ते वाचताना दोन-तीन साधे प्रश्न विचारा. या भावामागे खरोखर किती पैसा लागलाय? तो पक्षाच्या उमेदवारीचा आहे की अध्यक्षपदाचा? कारण अध्यक्षपदाचे 25 टक्के म्हणजे उमेदवारी मिळण्याचे 50 आणि मग जिंकण्याचे 50, असा गुणाकार असू शकतो, आणि ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आणि शेवटचा : कालपासून आजपर्यंत नवं काय कळलं, की भाव बदलला? उत्तर ‘काही नाही, ते टीव्हीवर दिसले’ असं असेल, तर समजा की म्हैस अजून पाण्यातच आहे.

न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात आपली जी माणसं मतदार आहेत, त्यांनाही माझं हेच सांगणं. पक्षाचा उमेदवार तुमच्याच प्रायमरीत ठरायचा आहे. ती व्हायच्या आधीच ‘याला मत देऊन काय उपयोग, याचा भावच नाही’ असं जर तुम्ही म्हणालात, तर तुम्ही स्वतःचं मत दुसऱ्याच्या पैजेवर सोडून दिलंत.

 आता प्रश्न घेऊ या.