‘बालगंधर्व’ बोलपटाची साधन म्हणून परीक्षा

रवि जाधव यांनीं दिग्दर्शित केलेला ‘बालगंधर्व’ हा बोलपट २०११ सालीं प्रदर्शित झाला. त्याचें कौतुक पुष्कळ झालें व तें अस्थानीं नव्हतें. परंतु नारायणराव राजहंसांविषयीं आज तरुण मंडळींच्या तोंडून जें ऐकूं येतें, त्यांतील बराच भाग ग्रंथांतून वा ध्वनिमुद्रिकांतून आलेला नसून या बोलपटांतूनच आलेला असतो. बोलपट अशा रीतीनें साधनाच्या पदवीस चढूं लागला म्हणजे त्याची साधन म्हणून परीक्षा करणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम टिळकांची आख्यायिका घेऊं. लोकमान्यांच्या घराण्याचें मूळ गांव चिखलगांव आमच्या दापोली तालुक्यांतलें, तेव्हां येथील वाचकांस ती विशेष प्रिय असणें स्वाभाविकच आहे. दहा वर्षांच्या नारायणाचें गाणें पुण्यास ऐकून लोकमान्यांनीं त्यास ‘बालगंधर्व’ म्हटलें, ही ती कथा. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. म्हणजे प्रसंग १८९८ च्या सुमाराचा ठरतो. परंतु राजद्रोहाच्या शिक्षेमुळें टिळक सप्टेंबर १८९७ पासून ६ सप्टेंबर १८९८ पर्यंत कारागृहांत होते. दहा वर्षें हें वय अक्षरशः घेतल्यास प्रसंग त्यांच्या सुटकेनंतरचाच मानावा लागतो. यानें कथा खोटी ठरत नाहीं. तिची कालमर्यादा तेवढी ठरते. बोलपटांत असल्या शंकेस जागा नसते हें आम्ही जाणतों. मात्र आख्यायिका आणि दाखला या दोहोंवर पडद्यावर सारखाच प्रकाश पडतो, हें पाहणाऱ्यानें लक्षांत ठेवावयास हवें.

‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं झाला. त्याच दिवशीं नारायणरावांची कन्या वारली व तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती हृदयद्रावक आहे यांत संशय नाहीं. परंतु संगीताच्या इतिहासांत त्या रात्रीचें महत्त्व निराळें आहे. गोविंदराव टेंबे यांनीं ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली त्या रात्रीं मराठी श्रोत्यांपुढें आणल्या. पुढें १९१६ मध्यें ‘स्वयंवर’ नाटकास भास्करबुवा बखल्यांनीं रागदारीचा भारदस्तपणा दिला. हा पालट बोलपटांत कानांवर पडतो, पण कोणीं व कसा घडविला हें उमगत नाहीं. अश्रूंना जागा मिळाली, चालींना मिळाली नाहीं.

आतां गायनाकडे वळूं. बोलपटाचें खरें यश येथेंच आहे. संगीत कौशल इनामदार यांचें असून नारायणरावांचीं पदें आनंद भाटे यांनीं गायिलीं व त्यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ बोलपटांत ग. दि. माडगूळकरांची नवी रचना रामजोशांच्या जुन्या रचनेशेजारीं अशी बेमालूम बसली कीं पुष्कळ श्रोत्यांस कोणती कोणाची हें सांगतां येत नाहीं. (काव्य म्हणून ती उत्तमच आहे, हा भाग निराळा.) येथें जुनीं पदें पुन्हां गातांना त्यांचें मूळ रूप सांभाळलें आहे. भाटे यांच्या आवाजांत नक्कल नसून अभ्यास आहे, असें आमचें मत आहे.

तथापि पदांच्या लांबीविषयीं आमचा मुख्य आक्षेप आहे. जुन्या दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. नारायणरावांस त्या मापांत गाणें बसवावें लागलें. रंगभूमीवर तें माप नव्हतें. तेथें ‘वन्स मोअर’ वर ‘वन्स मोअर’ पडत. अहमदजान थिरकवांचा तबला व कादरबक्षांची सारंगी साथीस असे. प्रत्येक आवृत्तींत नवी जागा निघे, आणि रात्र सरूनही श्रोते उठत नसत. ध्वनिमुद्रिका अस्सल आहे, पण ती यंत्रांत मावलेल्या गाण्याची साक्ष आहे. बोलपटानें तेंच माप रंगमंचावरील प्रसंगांसही लावलें. परिणामीं नव्या श्रोत्यास नाट्यपद म्हणजे एक आटोपशीर गीत वाटूं लागतें, आणि मंडळीचे खेळ उत्तररात्रीपर्यंत कां लांबत याचा उलगडा होत नाहीं. एकच पद, एकदां तरी, तीन आवृत्त्यांसह अखंड दाखविलें असतें तर हा दोष पुष्कळ अंशीं निवारला असता. खर्चाच्या नेपथ्याहून त्यास खर्च कमी आला असता!

गोहरबाई कर्नाटकी यांच्या प्रकरणास दिलेली जागाही आम्हांस अपुरी वाटते. त्या नारायणरावांच्या उत्तरायुष्यांतील केवळ वादाचा विषय नव्हत्या. स्वतः गाणाऱ्या होत्या व बालगंधर्वांची गायकी त्यांच्या गळ्यांतून पुढें चालली. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाचें गाणें एका स्त्रीनें उचलावें, हा मराठी रंगभूमीच्या इतिहासांतील मोठा सांधा आहे. चरित्रकार त्याकडे संकोचानें पाहतात, बोलपटानेंही तसेंच केलें. नारायणराव स्वतः १९३५ मध्यें प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत एकनाथांच्या भूमिकेंत दिसतात. तो बोलपट व गोहरबाईंच्या ध्वनिमुद्रिका जिज्ञासूंनीं २०११ च्या बोलपटाशीं ताडून पाहाव्या, व तें काम आधीं पदांच्या लांबीपासून सुरू करावें.