पाय ठेवावा की नमस्कार करावा?

(धायरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, समजा तुम्ही खुर्चीत बसला आहात आणि पाय ठेवायचं एक स्टूल आपणहून सरकत तुमच्यापाशी येऊन थांबलं. काय कराल?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड सिर्किन, वेंडी जू आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. २०१५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. स्टुलाला ना डोळे, ना आवाज. जवळ येणं, आणि पुरे झालं की किंचित वर उचलून खाली बसणं, एवढीच त्याची भाषा. प्रयोगातल्या वीस जणांपैकी बहुतेकांनी पाय ठेवले. त्या हलक्या हिसक्याचा अर्थ 'आता पाय काढा' असा बरोबर लावला. काहींनी मात्र ठेवलेच नाहीत. स्टूल त्यांना पाळलेल्या जनावरासारखं वाटलं, आणि जनावरावर कोणी पाय ठेवतं का?

निरीक्षण अस्सल आहे. १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल यांनी पडद्यावर नुसते त्रिकोण आणि वर्तुळ फिरवले, तरी लोकांना त्यात भांडण आणि पाठलाग दिसला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना याचं नवल वाटलं नसतं.

माझा आक्षेप पुढे आहे. या निबंधात वस्तूकडे पाहण्याच्या दोनच तऱ्हा आहेत: जिवंत प्राणी, नाहीतर वापरायचं सामान. आपल्याकडे तिसरी आहे. पुस्तकाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. पुस्तक जिवंत आहे असं कोणालाच वाटत नसतं. इथे धायरी-नऱ्ह्याच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला लेथला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते. आणि गंमत बघा, पूजेच्या वेळी लेथ बंद असतो! म्हणजे मान हालचालीचा नव्हे. त्यावर चालणाऱ्या हाताचा आणि त्यातून मिळणाऱ्या भाकरीचा तो मान आहे.

ही नजर लावून तो प्रयोग पुन्हा वाचा. स्टूल स्वतःच्या अकलेनं चालत नव्हतं. एक माणूस दुरून ते चालवत होता, आणि बसलेल्याला त्याचा पत्ता नव्हता. निबंध म्हणतो, केवळ हालचालीवरून लोकांनी स्टुलाला हेतू चिकटवला. अहो, हेतू होताच की! फक्त तो स्टुलाचा नव्हता. लोक निम्मे बरोबर होते; आणि ज्याचा हेतू होता, तो माणूस त्यांच्या हिशेबात आलाच नाही.

उद्या आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरी अशी खुर्ची येईल. ती हलून सांगेल, 'आता उठा.' तेव्हा 'किती शहाणी खुर्ची' असं म्हणण्याआधी एवढंच विचारा: उठा असं नक्की कोण म्हणतंय?